चिकन की मोठ्याचं: एक शास्त्रीय तपास

६ एप्रिल, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. डायरी कंपनीनं जानेवारीत दिलेली, तीन महिने कोरी गेली. पण शास्त्रीय कामाला उशीर असा नसतो.

हिमोग्लोबिन ८.९. माणसाला तेरा लागतं. काल डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढला. डॉक्टरनं चष्मा काढलेला मला आवडत नाही. म्हणाले, हिवराळे, रक्त कुठंतरी गळतंय, बहुतेक पोटात. तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून बघू. मग विचारलं, शौचाला काळं होतं का? काळं म्हणजे पोटातलं रक्त.

मी म्हणालो, नाही. खोटं बोललो नाही. काळपट होतं. वीस वर्षं क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, शेडमधला फरक मला कळतो.

नळीची काही गरज नाही. रीडिंग कमी आलं म्हणजे कच्चा माल कमी पडतोय. आहार सुधारला की रीडिंग वर.

बाबा गेले ते पोटानंच, चौपन्नाव्या वर्षी. मी त्रेपन्न वर्षं चार महिन्यांचा आहे. याचा इथं काही संबंध नाही.

७ एप्रिल, सोमवार. रात्री जेवणानंतर

नेटवरून माहिती जमवली. शंभर ग्रॅम शिजवलेल्या मालाचा हिशोब:

चिकन: प्रोटीन तीस, लोह एक मिलिग्रॅम. चरबी कमी.
मोठ्याचं: प्रोटीन सव्वीस, लोह अडीच-तीन. बी-ट्वेल्व्ह कितीतरी पट.

कागदावर मोठं जनावर पुढं आहे. पण मी कागदावर विश्वास ठेवणारा नाही. ट्रायल घेणार. पंधरा दिवस चिकन, मग पंधरा दिवस मोठ्याचं. बाकी सगळं सेम. दोन्हीनंतर हिमोग्लोबिन मोजायचं.

रत्नमालाला समजावलं. बायको म्हणून तिला विश्वासात घेणं माझं कर्तव्य. ती म्हणाली, नळी टाकून घ्या ना एकदाची. मी म्हणालो, क्वालिटीमध्ये चांगला पीस कापून तपासत नाहीत. ती म्हणाली, तुम्ही नटबोल्ट नाहीत अन् चांगला पीस तर नाहीतच नाहीत.

करुणा लॅबमध्ये आहे, घरची मुलगी, तीच रक्त काढेल. तिनं सुई काढली की मी खिडकीकडं बघतो. भीती नाही. माझ्या बघण्यानं तिच्या कामात अडथळा नको.

९ एप्रिल, बुधवार

ट्रायल सुरू. पाव किलो चिकन. एकट्यानं संपवलं. तरतरी आली. जिन्यावर दम लागला, पण आधीपेक्षा वेगळा दम होता.

१४ एप्रिल, सोमवार. रात्री

जयंती. क्रांती चौकात दरवर्षी डीजेसमोर दोन तास नाचतो. यंदा पाच मिनिटांत डोळ्यांपुढं काजवे. दुभाजकावर बसलो. पोरं म्हणाली, काका, जयभीम, चला ना! मी म्हणालो, नियोजन बघतोय. तासभर नियोजन बघितलं. एक बाई पाणी देऊन गेली आणि विचारून गेली की सोबत कोणी आहे का.

ऊन फार होतं. मिरवणूक संध्याकाळी होती, पण दिवसभराचं ऊन अंगात राहतंच.

२३ एप्रिल, बुधवार. सकाळी

करुणानं रक्त काढलं. ८.४.

निष्कर्ष: चिकन नापास. लोह एक मिलिग्रॅम, त्याच्याकडून अपेक्षा तरी काय करणार.

आज काळं होतं. काळपट नाही. पाच मिनिटं तिथंच बसून राहिलो. मग मोबाइल काढून वाचलं: लोहाच्या गोळ्यांनी असं होतं, घाबरू नये. जीव भांड्यात पडला. गोळ्या मी घेत नाही, पण घरात आहेत.

२४ एप्रिल, गुरुवार

दुसऱ्या टप्प्याची तयारी. वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो.

गाय-बैल राज्यात बंद. म्हशीचं चालतं. कायदेशीर. मी कायदा तीनदा वाचला. चौथ्यांदा प्रिंट काढून पाकिटात ठेवला.

गावाकडं आमच्या घरी मोठ्याचंच असायचं. मायनं त्याच्यावरच आम्हाला वाढवलं. मी शहरात आलो, नोकरी लागली, चिकलठाण्याला या सोसायटीत फ्लॅट घेतला आणि सोडलं. कोणी सोडायला लावलं नाही. वास्तुशांतीसारखं आम्ही परित्राणपाठ ठेवला होता, त्या दिवशी चेअरमन बद्रीनाथराव पेढा खाता खाता पार्किंगबद्दल बोलत होते. मी मध्येच म्हणालो, आमच्याकडं फक्त चिकन, तेही रविवारी. ते म्हणाले, बरं. आणि पुन्हा पार्किंगवर गेले.

बद्रीनाथराव बरोबर आमच्या वर राहतात. आमच्या किचनची खिडकी आणि त्यांच्या देवघराची खिडकी एकाच भिंतीत.

घाबरण्यासारखं काही नाही. फक्त नोंद.

२७ एप्रिल, रविवार. दुपारी ३

आणलं! अर्धा किलो. 

गाडी गुलमंडीत लावली, पुढं जुन्या शहरात चालत गेलो. तोंडाला रुमाल, डोक्याला टोपी, डोळ्यांना गॉगल. दुकानवाले चाचा बघतच राहिले. मी हळूच विचारलं, म्हशीचंच ना? पावती मिळेल? ते म्हणाले, भैंस का है साब, पर्ची भी देता मैं, पन तुम इतना डरते कायकू? मागचे दोघं हसले. पावती घेतली. वर चाचांची सही घेतली. तारीखही टाकून घेतली.

क्रांती चौकाच्या अलीकडं नाकाबंदी. हवालदारानं हात केला. लायसन्स, गाडीचे पेपर दाखवा म्हणाला. पेपर डिकीत. पिशवी डिकीत. पेपरवरच पिशवी. कायद्याची प्रिंट पाकिटात, पावती खिशात, सगळं कायदेशीर, आणि माझी किल्ली काही भोकात जाईना. शेवटी म्हणालो, साहेब, पेपर घरी राहिले. त्यानं दंड लावला. सगळे पेपर जवळ असून पेपर नसल्याचा दंड भरणारा या शहरात मी पहिलाच असेन. जाताना तो म्हणाला, काका, घाम लई आलाय, सावलीला बसा जरा.

घरी येऊन डबा फ्रीझरमध्ये, सगळ्यात खाली. वर चिठ्ठी चिकटवली: खवा. उद्या शिजवणार. नक्की.

२८ एप्रिल, सोमवार

शिजवलं नाही. वाऱ्याची दिशा वरच्या मजल्याकडं.

२९ एप्रिल, मंगळवार

कुकरच्या शिट्ट्या मोजल्या तर? चिकनला तीन लागतात, याला आठ. आठ शिट्ट्या ऐकून वरचे काय समजतील? पातेल्यात करावं तर दोन तास. दोन तास वास.

३० एप्रिल, बुधवार

बद्रीनाथरावांच्या घरी पोथी. आज नाही म्हणजे नाहीच.

ट्रायलचा चौथा दिवस. अजून सेवन नाही, पण मानसिक तयारी चांगली आहे. शौचाचा रंग तोच. बघायचं बंद केलं. बघून बघून मनाचे खेळ वाढतात.

१ मे, गुरुवार. सकाळी ११

सुट्टी. सगळ्या खिडक्या बंद केल्या, उदबत्त्या लावल्या, डबा काढला. डबा रिकामा!

कोणी नेला? आधी चोर आठवला. मग वाटलं बद्रीनाथरावांना कळलं आणि त्यांनी कोणाला तरी पाठवलं. पोलिसांत जावं तर काय सांगू, खवा चोरीला गेला?

रत्नमालाला विचारलं. ती म्हणाली, मला काय माहीत, खव्याला मी हात लावला नाही. करुणा म्हणाली, पप्पा, आजीला विचारा, आजी सकाळपासून टेरेसवर आहे.

दुपारी २, टाकीमागून

माय टेरेसवर. शहात्तर वर्षांची कडूबाई. दोरी बांधून, हळद-मीठ लावून, लांब लांब पट्ट्या कापून वाळत घातलेलं. अर्धा किलो. अख्ख्या सोसायटीच्या टेरेसवर. शेजारी बद्रीनाथरावांच्या मनकर्णाबाईंच्या कुरडया.

म्हणालो, माय, हे काय! ती म्हणाली, चान्या टाकल्या, राजा. चार दिस बघत व्हते, शिजवतो का नाय. ऊन लई चांगलं हाय, वाया कामून घालू?

काढ म्हणालो. अर्धवट वाळलेलं काढलं तर किडंल म्हणाली. मग झाक म्हणालो. झाकलं तर वाळंल कसं म्हणाली. तिच्याशी वाद घालता येत नाही.

तेवढ्यात मनकर्णाबाई वर आल्या. हातात काठी. मी टाकीच्या मागं गेलो. लपलो नाही, टाकीचा कॉक तपासला.

मनकर्णाबाई मायला म्हणाल्या, वयनी, तुम्ही जेवून या, कावळे लई झालेत, मी बसते दोन्हीकडं बघत.

संध्याकाळी ६

बसल्या! दुपारभर काठी आपटत बसल्या. स्वतःच्या कुरडयांवरचे आणि आमच्या दोरीवरचेही कावळे हाकलले. मी टाकीमागून तास दीड तास निघू शकलो नाही, त्या पाणी प्यायला खाली उतरल्या तेव्हा सुटलो. तिथंच दोनदा चक्कर आली.

३ मे, शनिवार. रात्री ९.४०

सोसायटीच्या ग्रुपवर बद्रीनाथरावांचा मेसेज: "दोन दिवसांपासून बिल्डिंगमध्ये घाण वास येत आहे. उद्या सकाळी दहाला पार्किंगमध्ये मीटिंग. प्रत्येक फ्लॅटमधून एक जण आलाच पाहिजे."

संपलं सगळं.

रत्नमालाला म्हणालो, तू जा. ती म्हणाली, आणलं कोणी? करुणाला म्हणालो. ती म्हणाली, पप्पा, म्हशीचं आहे, कायदेशीर आहे, तुम्हीच प्रिंट काढून फिरता ना?

कायदा वेगळा, पार्किंग वेगळं. बातम्या मी पण वाचतो. कुठं कुणाला पिशवीवरून धरलं, कुठं कुणाचा फ्रीज उघडून बघितला. त्यांच्याकडं प्रिंट नसेल, असं मी मनाला सांगतो. रात्रभर सांगत राहणार.

४ मे, रविवार. दुपारी १२

मीटिंगला गेलो. भाषण पाठ केलं होतं. बद्रीनाथराव उभे राहिले, म्हणाले, हा वास कुठून येतोय ते सगळ्यांना माहीत आहे. मी ताडकन उठलो आणि म्हणालो, आमच्याकडं फक्त चिकन! तेही रविवारी! दोरीवर जे आहे ते माझ्या आईचं वैयक्तिक आहे!

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बद्रीनाथराव म्हणाले, हिवराळे साहेब, ड्रेनेजचं चेंबर तुंबलंय. बसा. तुमचा चेहरा पांढरा पडलाय, बरं नाही का?

बसलो.

म्हणजे धोका टळला. पण आता त्यांना दोरी कळली. माझ्याच तोंडून.

५ मे, सोमवार

मनकर्णाबाई जिन्यात भेटल्या. मी मोबाइल कानाला लावला. त्या थांबून राहिल्या. मोबाइल किती वेळ लावणार? शेवटी त्या म्हणाल्या, भाऊ, आमच्या गावाला पण तुमच्याकडच्यांच्या अंगणात दोऱ्या असायच्या, मला काय ठाव नाय का? आमच्या घरी चालत नाय, तेवढी दोरी माझ्या कुरडयांपासून लांब बांधा म्हणावं वयनीला. बाकी ज्याचं त्याच्यापाशी.

मी म्हणालो, चिकन आहे ते. कसं निघालं तोंडातून कोण जाणे. त्या म्हणाल्या, बरं, चिकन तर चिकन.

संध्याकाळी मायनं चान्या भाजल्या, लसूण-मिरची घालून भाकरीसोबत खाल्ल्या. मला ताट वाढलं. मी खिडकीकडं बघत राहिलो. घास हातातच राहिला. भूकच नव्हती. सगळं मायनं संपवलं.

७ मे, बुधवार. रात्री

करुणानं जबरदस्तीनं रक्त काढलं. आजी म्हणाली, माझं पण बघ गं. दोघांचं बघितलं.

मी: ७.२. माय: १२.९.

नोंद: मोठ्याच्या मांसाचा टप्पा यशस्वी. फक्त नमुना बदलला.

करुणा हसली नाही. तिनं मला दार लावून विचारलं, पप्पा, काळं होतं का? मी शेड सांगायला लागलो. ती रडायला लागली. म्हणाली, शेड नका सांगू हो. उद्याचा नळीचा नंबर तिनं फोन करून लावला. मला म्हणाली, मी येते सोबत. मी म्हणालो, माझा मी जाईन, लहान आहे का मी?

८ मे, गुरुवार. दुपारी १

गेलो. नंबर नववा. आठवा एक म्हातारा होता, तो आत गेला आणि आतून ओकारीचा आवाज आला. मग दार उघडलं, तो तोंड पुसत बाहेर आला आणि मला म्हणाला, काही नाय, दोन मिनिटांचं काम. नर्सनं नाव पुकारलं, राजेंद्र हिवराळे. मी मागं बघितलं, जणू मागं कोणी राजेंद्र हिवराळे बसलाय. मग उठून बाहेर आलो.

घरी सांगितलं, मशीन बंद आहे.

दुपारी ३

करुणानं दवाखान्यात फोन केला होता. मशीन चालू आहे.

आता ती निघाली आहे घरी यायला. मी टेरेसवर जाऊन दोरी सोडून ठेवतो. कोणाला त्रास नको. उद्यापासून शिस्त. उद्या

११ मे, रविवार. दवाखाना

पडून लिहितोय. हाताला सुई, म्हणून अक्षर असं.

टेरेसच्या जिन्यात पडलो. बद्रीनाथराव आणि वॉचमन सांडू यांनी खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं. बद्रीनाथरावांच्याच गाडीत आणलं. रक्ताची उलटी त्यांच्या सीटवर झाली. त्यांनी विचारलं, साहेब, काय खाल्लं होतं? मी अर्धवट शुद्धीत म्हणालो म्हणे, फक्त चिकन. करुणा सांगत होती. या वेळी हसली. मग पुन्हा रडली.

दोन बाटल्या रक्त चढवलं. आठ पॉइंट नऊ. जिथून निघालो तिथंच आलो.

नळी परवा टाकली. घशात स्प्रे मारला, डोळे मिटले. मला वाटलं मी ओरडेन. ओरडता येत नाही, नळी असते. नर्सनं हात धरला होता. मी तो इतका आवळला की तिची बांगडी वाकली.

पोटात जखम आहे. तिथूनच रक्त जात होतं. रक्त थांबवलं. जखमेचा तुकडा तपासायला पाठवला. तुकडा कशाला, हे मी विचारलं नाही. मला माहीत आहे कशाला. रिपोर्ट शुक्रवारी.

डॉक्टरांनी विचारलं, काळं कधीपासून? मी म्हणालो, आठवत नाही. माझ्या डायरीत तारखा होत्या. करुणानं डायरी उशाखालून काढली आणि त्यांना एक एक तारीख वाचून दाखवली. मी भिंतीकडं तोंड करून पडलो.

१२ मे, सोमवार. पहाटे

आज बुद्धपौर्णिमा. घरी खीर. मला साधं पाणी, तेही चमच्यानं.

माय रात्रभर खाली चटईवर होती. मी म्हणालो, माय, झोपली का? ती म्हणाली, नाय. मी म्हणालो, बाबा किती धीराचे होते ना गं, शेवटपर्यंत दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही. ती चटईवर उठून बसली. मग म्हणाली, धीराचा कुठला रं. भ्यायचा तुहा बाप. डागदराचं नाव काढलं की जवारीत जाऊन लपायचा. काळं व्हतंय म्हनून मलाच एकलीला सांगितलं व्हतं, कुनाला सांगू नको म्हनला. म्या नाय सांगितलं.

मग म्हणाली, सांगायला पायजे व्हतं.

मला भीती वाटतीये. लिहून टाकतो. कोणी वाचलं तर वाचू दे. शुक्रवारपर्यंत चार दिवस. मला मरायचं नाही. करुणाचं लग्न, हप्ते, ते सगळं नंतरचं. नुसतंच मरायचं नाही.

१६ मे, शुक्रवार. संध्याकाळी

काल घरी सोडलं. आज रिपोर्ट आणायला मी वर गेलो नाही. दवाखान्याच्या खाली रसवंतीपाशी थांबलो. करुणा वर गेली. सतरा मिनिटं लागली. जिन्यात तिची चप्पल वाजली तेव्हा मी रसवाल्याकडं तोंड केलं. तिनं मागून खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, जंतूची जखम आहे पप्पा, साधी. गोळ्यांनी बरी होते.

मी रसवंतीच्या बाकड्यावर बसून रडलो. रसवाल्यानं न मागता ग्लास दिला. करुणानं तो प्यायला. मला बर्फ चालत नाही.

वर जाऊन डॉक्टरांना भेटलो. त्यांनी विचारलं, एवढे दिवस कशाला थांबलात? म्हणालो, आहारावर संशोधन चालू होतं. त्यांनी विचारलं, कसलं? करुणा म्हणाली, घाबरले होते. डॉक्टरांनी मान हलवली आणि खाण्याचा कागद लिहून दिला. मी कागद दोन्ही बाजूंनी बघितला. चिकन नाही. मोठ्याचं नाही. मी विचारलं, दोन्हींत निदान कमी वाईट कोणतं? ते म्हणाले, हिवराळे, पेज प्या.

घरी आलो. पेज. दोन वाट्या. मीठ कमी होतं. कोणाला काही म्हणालो नाही.